लसूण

माझी थोरली बहीण विधवा झाल्यावर दोन वर्षं आमच्याकडे नंदुरबारला होती. त्या काळात ती हसल्याचं मला आठवत नाही. मग नवापूरजवळच्या एका नव्या पंथाच्या आश्रमात ती गेली आणि तिथलीच झाली. कांदा-लसूण बंद, बाहेरचं खाणं बंद, साठ माणसांच्या रसोड्यात स्वयंपाकाची सेवा.

तिला भुलवलंय, असं मी धरूनच चालले होते. म्हणून दोन दिवस राहायला गेले. पाहते तर काय, बाई भाकरी थापता थापता बायकांची टिंगल करत होती, स्वतःही खदखदून हसत होती. मला आनंद व्हायला हवा होता. माझा जळफळाट झाला. आमच्या घरात काय काटे होते?

मी घरून वांग्याची भाजी नेली होती. मसाल्यात लसूण भाजून, बारीक वाटून घातला होता.

"खाय बाई, लसून नही शे यामा," मी धडधडीत खोटं सांगितलं. धाकट्या बहिणीच्या हातचं म्हणून तिने बाहेरचं न खाण्याचा नियम मोडून बोटं चाटत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न राहवून मी सांगून टाकलं. "काल लसूण खाल्लास. कोसळलं का आभाळ?" ती तडक बैठकीला निघाली.

त्यांच्याकडे सकाळच्या बैठकीत ज्याने त्याने आपली चूक उभं राहून सांगायची असते. ती उठली. "मी लसून खाधा," एवढंच म्हणाली. नियमाप्रमाणे तिचा रसोडा वर्षभरासाठी बंद झाला. मी शेवटच्या रांगेत बसले होते. 'तिला ठाऊक नव्हतं, मी फसवलं,' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी, पदराचं टोक चिवडत बसले. तो भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

आता ती अंगण झाडते. रसोड्यातल्या बायकांचं हसणं तिला बाहेरून ऐकू येतं, हे तिनेच मला फोनवर सांगितलं, तक्रार न करता.

"मन्हं नाव का बरं नही सांगं?" मी रडत विचारलं.

"तू तं पाव्हनी व्हती वं," ती म्हणाली. "पाव्हनीनं नाव बैठकमा कसं लेऊ मी?"