मावशीचा स्पीड आणि गफ्फारभाईचा गुडघा

आमच्या लाइनीवर माल कमी आणि किस्से जास्त! लाइन म्हणजे कागदाच्या मिलच्या गेटापासून बड्या स्टेशनापर्यंत साडेचार किलोमीटर रूळ, मिलच्या मालकीचे. एवढ्याशा रस्त्याला आमचं इंजिन तासभर घेतं. तासभर माणसं एका केबिनमध्ये कोंबलीत, तर किस्से नाही होणार तर काय होणार? मी तिथली साइडिंग क्लार्क, स्टेशनात मालाची कागदपत्रं पोचवायला इंजिनावर बसणारी एकुलती एक बाई. नवऱ्याला वाटतं मी ऑफिसला जाते. अहो, मी चहाच्या टपरीवर जाते, फक्त तिला चाकं आहेत!

इंजिनाला सगळे 'मावशी' म्हणतात. नाव ठेवलं ड्रायव्हर शंकरदादांनी. त्यांची सख्खी मावशी अशीच होती म्हणे, उठायला वेळ लावायची, पण एकदा उठली की अख्खं घर हलवायची.

मागच्या हिवाळ्यात हेड ऑफिसातून निरोप आला. कागद आता ट्रकनेच जातो, मग लाइन कशाला पोसायची? रूळ उचला, इंजिन भंगारात घाला. शंकरदादांनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. "मावशीला गॅसकटर लावणार?" एवढंच म्हणाले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू!

*

त्याआधी लाइनीचा शेवटचा रिपोर्ट लिहायला उन्हाळ्यात भोपाळहून सक्सेना साहेब आले. साहेब आधी रेल्वेत होते. ट्रॅफिकचं, म्हणजे गाड्यांना झेंडा दाखवायचं, सर्टिफिकेट लॅमिनेशन करून बॅगेत बाळगायचे, आणि कोणी न विचारता दाखवायचे!

आता आमची पद्धत ऐका. तीन ठिकाणी सडक रूळ ओलांडते आणि फाटक एकालाही नाही. म्हणून लोधीपुऱ्याचा गफ्फारभाई, आमचा सर्टिफिकेटवाला पॉइंट्समन, झेंडे घेऊन इंजिनाच्या पुढे चालतो आणि ट्रॅफिक अडवतो. तीनदा उतरा, तीनदा चढा, एवढी कटकट कोण करणार? म्हणून भाई अख्खी लाइनच पायी चालतो, आणि मावशी त्याच्या मागे.

साहेबांनी फॉर्म काढला. "इंजन की मैक्सिमम स्पीड?"

शंकरदादा खिडकीतून म्हणाले, "साहेब, ते गफ्फारच्या गुडघ्यावर आहे!"

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. तो रकाना त्यांनी कोरा सोडला.

*

त्याच दिवशी परत येताना गफ्फारभाई दुपारच्या नमाजाला गेला, म्हणून झेंडा मी घेतला. एवढी वर्षं बघतेय, त्यात काय मोठं! चार पावलंही चालले नाही, तोच साहेब मागून ओरडले, "बिना सर्टिफिकेट कोई इंजन के आगे नहीं चलेगा!"

मलाही राग आला. म्हटलं, "लिहून द्या साहेब."

दिलं की! सही, शिक्का, सगळं. मी फाइलला लावून टाकलं. आमच्याकडे कागद हरवत नाही हो, कागदाचीच मिल आहे!

*

दुसरी गंमत बिबड्यांची. उन्हाळ्यात लाइनीकडेच्या बायका रुळांच्या मधोमध खाटा टाकून ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालतात. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, येणार असली की गफ्फारभाई आदल्या दिवशी घरोघरी सांगून येतो, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या खाटा स्वतः उचलतो.

एकदा मी स्टेशनात फोनवर फोन करतेय, आमची कोळशाची रेक कधी? कोणाला काही माहीत नाही. वैतागून बाहेर आले तर रूळ मोकळे!

"काय हो काकू, आज बिबडे नाही घातले?"

"अवं बाई, अकराला रेक येऊन राहिली ना तुमची! तुले नाही सांगितलं कोणी?"

*

आता एकनाथभाऊ. बहादरपुरात केळीची शेती, शंकरदादांचे बालमित्र. मावशी वाचवायची म्हणून साहेबांसमोर येऊन म्हणाले, "आमची केळी जाऊ द्या ना या लाइनीवरून. एक डबा भरतो दिल्लीचा."

"एक डिब्बा नहीं, पूरी रेक. पॉलिसी है."

"पूर्ण रेक? म्हणजे गावाने एकाच दिवशी केळी कापायची? साहेब, आमच्या गावात दोन सख्खे भाऊ एका दिवशी दिवाळी करत नाहीत!"

साहेब म्हणाले, "एक रेक भरकर टाइम पर बड़े स्टेशन पहुँचा दीजिए, मैं लाइन चालू लिख दूँगा. नहीं तो बंद."

एकनाथभाऊ आठ दिवस दारोदार फिरले. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. शेवटी त्यांनी त्या दोन भांडखोर भावांना वेगवेगळं गाठून एकच सांगितलं, "तुझा भाऊ पहिला डबा भरणार म्हणतो."

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत दोघांच्याही ट्रॉल्या मिलच्या गेटाशी हजर, आणि त्यांच्या मागे अख्खं गाव!

*

तर त्या दिवशी अडीचला रेक भरून तयार. चारला बड्या स्टेशनातून दिल्लीचं इंजिन तिला घेऊन निघणार. ते चुकलं की गावाची केळी उन्हात, आणि मावशी भंगारात.

आणि नेमकं तेव्हाच कळलं की शेवटची खाट उचलताना गफ्फारभाईचा गुडघा गेला! सुजून हा एवढा भोपळा. उभं राहवेना बिचाऱ्याला. "माफ करना दादा," म्हणून रडायला लागला.

मी झेंडा उचलला. मग आठवलं, आणि झेंडा खाली ठेवून फाइल आणली. घड्याळ बघत उभ्या असलेल्या सक्सेना साहेबांना त्यांचाच कागद दाखवला.

"बिना सर्टिफिकेट कोणी चालू शकत नाही साहेब. तुमचीच सही आहे."

साहेबांनी कागद वाचला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अख्खं बहादरपूर त्यांच्या बॅगेकडे बघत होतं!

मग काय! टाय, बूट, डोक्याला एकनाथभाऊंचा गमछा, दोन हातांत दोन झेंडे. पुढे साहेब, मागे मावशी आणि तिच्या मागे अख्ख्या गावाची केळी. बिबडेवाल्या काकूंनी चालता चालता पाणी पाजलं. तिसऱ्या सडकेपाशी साहेब जरा टेकले, तर शंकरदादा खिडकीतून ओरडले, "साहेब, पाय उचला! चारची वेळ आहे!"

चारला दहा कमी असताना पोचलो. साहेब बाकड्यावर बसले आणि गुडघा चोळायला लागले. मग जीप मागवून गेले.

पंधरा दिवस आमच्या जिवाला घोर. मग रिपोर्ट आला. शंकरदादांनी उभ्यानेच वाचला, डोळे पुसले आणि कागद माझ्या हातात दिला.

वर लिहिलं होतं, 'लाइन चालू रखी जाए.'

"ते नाही ताई, खाली बघ. तो कोरा रकाना."

मैक्सिमम स्पीड. त्यापुढे साहेबांच्या हाताने, पेनने: 'घुटने पर निर्भर.'