वरिष्ठ सभागृहातला धाकटा भाऊ

आमच्या चर्चमध्ये आजारी आणि एकट्या माणसांना भेटायला जाणाऱ्यांची एक यादी असते. तीत मी नाव घातलं ते फार भक्तिभावानं नव्हे. पॅथॉलॉजी लॅबमधलं माझं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं होतं, मुलगी युनिव्हर्सिटीत जायला लागली होती आणि ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या आमच्या घरात बुधवारची दुपार काही केल्या सरत नसे. मला इप्सविचमधला एक पत्ता मिळाला. खांबांवर उभं असलेलं जुनं लाकडी घर, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यात शहाऐंशी वर्षांच्या एक आयरिश बाई.

त्या बाविसाव्या वर्षी नर्स म्हणून ऑस्ट्रेलियात आल्या आणि चाळीस वर्षं इथे सुईण होत्या. लग्न केलं नाही. इथे वयानं दुप्पट माणसालाही नावानं हाक मारतात, पण मला काही ते जमेना. मी त्यांना सिस्टर म्हणू लागले. वॉर्डात सगळे हेच म्हणायचे, असं सांगून त्या खूश झाल्या. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चाले, पण आठवताना मला ते मराठीतच ऐकू येतं.

सिस्टरच्या नजरेच्या मधोमध एक काळा डाग धरला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं नाही. चेहरे गेले, अक्षरं गेली. मी पहिल्या दिवशी विचारलं, "काही वाचून दाखवू का? पेपर, बायबल?"

"माझा धाकटा भाऊ आयर्लंडच्या संसदेत आहे, वरच्या सभागृहात," त्या म्हणाल्या. "तो तिथे काय बोलतो ते वाचशील?"

मला वाटलं, हे कुठून आणायचं? घरी मुलीला विचारलं. तिनं फोनवरून मान वर न करता सांगितलं, "मम, इट्स ऑल ऑनलाइन." खरंच होतं. त्यांच्या संसदेच्या पानावर सभासदाचं नाव दाबलं की तो कुठल्या तारखेला, कुठल्या चर्चेत, काय बोलला ते सगळं शब्दशः समोर येई.

पुढच्या बुधवारी मी टॅबलेट घेऊन गेले. पहिलं भाषण एका खेड्यातलं पोस्ट ऑफिस बंद करण्याविरुद्ध होतं. मी दोन वाक्यं वाचली असतील.

"तो उभा राहून बोलला असणार," सिस्टर म्हणाल्या. "तू बसून का वाचतेस?"

मी उभी राहिले. वसईत लहानपणी चर्चमध्ये बायबलमधलं पहिलं वाचन करायला उभी राहायचे, तशी. तिथल्या गावांच्या नावांनी माझी दमछाक केली. निम्मी अक्षरं नुसती लिहायची, उच्चारायची नाहीत. सिस्टर दर वेळी दुरुस्त करत आणि मग त्या गावाला त्यांचं कोण राहायचं तेही सांगत.

असे बरेच महिने गेले. भाषणं तशी साधीच असत. बसथांब्याला छप्पर नाही, गावच्या सभागृहाचा विमा परवडत नाही, डॉक्टर निवृत्त झाला आणि नवा कोणी येत नाही. सभापती त्यांना अधूनमधून "सन्माननीय सदस्यांनी आवरतं घ्यावं" असं सांगत, ते वाचलं की सिस्टर टाळी वाजवत. "आईलाही जेवणाच्या टेबलावर त्याला हेच सांगावं लागायचं." कधी म्हणत, "हे वाक्य त्याचं नाही, आमच्या बापाचं आहे." या सगळ्यावरून मला वाटे की भावाबहिणीचं रोजचं बोलणं असणार. तसं नव्हतं. ख्रिसमसला एक कार्ड येई, एक जाई. बस. का, ते मी विचारलं नाही.

मग एका बुधवारी जे भाषण निघालं ते घरी आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांबद्दल होतं. अशा लोकांना वर्षातून काही आठवडे सरकारनं सुटका द्यावी, त्यांच्या जागी कोणी तरी पाठवावं, अशी मागणी होती. मी उभी राहून नेहमीसारखं वाचत होते. वाचता वाचता त्यांचं स्वतःचं असं आलं की मी माझ्या आईला अकरा वर्षं सांभाळलं, आणि शेवटच्या वर्षी ती मला ओळखत नव्हती. ती मला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. बहीण ऑस्ट्रेलियात होती. मी त्या नावाला ओ द्यायला शिकलो.

मी थांबले. सिस्टरचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होते.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"पुढे कोण बोललं?"

मी खाली सरकून पाहिलं. "पुढच्या सभासदानं यांचे आभार मानलेत आणि मग… रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोललाय."

सिस्टर हसल्या, पण ते हसू अर्ध्यातच मोडलं. मी आत जाऊन चहा केला. तो पिता पिता त्यांनी मला सांगितलं. आईचं विसरणं फार वाढलं तेव्हा त्यांनी भावाला कळवलं होतं की मी परत येते. हॉस्पिटलनं रजा मंजूर केली होती, बॅगही भरली होती. भावाचं पत्र आलं: येऊ नकोस. ती आता कुणालाच ओळखत नाही, कुणाचं नाव घेत नाही, तू येऊन तिला काहीच कळणार नाही. सिस्टरनी बॅग रिकामी केली. आठ महिन्यांनी आई गेली. त्या मातीलाही गेल्या नाहीत.

"कुणाचं नाव घेत नाही," त्या पुन्हा म्हणाल्या. "आणि हे त्यानं सगळ्या देशाला सांगितलं, मला सोडून."

वसईला माझा धाकटा भाऊ आमच्या पप्पांना सांभाळतो. पप्पांना अर्धांगवायू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. दर रविवारी मी फोन करायचे, तो म्हणायचा, "सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस." आणि मी करत नसे.

सिस्टरनी मला ईमेल लिहायला सांगितली. पहिला मजकूर फार कडक होता. तो त्यांनी स्वतःच खोडायला लावला. शेवटी एकच ओळ उरली: तुझं भाषण मला वाचून दाखवलं गेलं, त्या पत्रात तू मला खोटं का लिहिलंस?

पुढच्या बुधवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे त्यांच्या सकाळी सातला, फोन वाजला. मीच उचलला. भाषणांवरून मला वाटलं होतं की आवाज भारदस्त असेल, पण तो बारीक आणि घसा बसल्यासारखा होता. "तुम्ही वाचून दाखवणाऱ्या बाई का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी फोन सिस्टरच्या हातात दिला आणि मागच्या अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे काढू लागले. वाळलेले काढले, ओलसरही काढले, घड्या घातल्या. आत आले तेव्हा फोन टेबलावर उपडा होता.

"तू आली असतीस तर तिनं तुला ओळखलं असतं, म्हणाला," सिस्टर म्हणाल्या. "दहा वर्षं मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि तू दारातून आत आली असतीस तर तिचा चेहरा तुझ्यासाठी उजळला असता. ते मला बघवलं नसतं. असं म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"फोन ठेवला."

त्यानंतर तीन बुधवार भाषणांचं नाव निघालं नाही. मी पेपर वाचला, कुंड्यांना पाणी घातलं. चौथ्या बुधवारी मी पेपर उघडला तशा त्या म्हणाल्या, "राहू दे ते. तो काय बोललाय बघ." तो बोलला होता. लहान गावांतले प्रसूतिकक्ष बंद होताहेत, यावर. सिस्टरनी ते पूर्ण ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "याला बाळंतपणातलं काही कळत नाही. फोन लाव."

त्या दिवशी मी कपडे काढायला गेले नाही. त्यांनी भावाला चांगली वीस मिनिटं झापलं. वाटेत रुग्णवाहिकेत बाळ होणं म्हणजे काय, किती अंतर म्हणजे फार अंतर, सुईणीला काय लागतं. त्या जुन्या पत्राचा विषय निघाला नाही. पलीकडून मधूनच "थांब, लिहून घेतो" असं ऐकू येत होतं. पुढे एका चर्चेत, मीच ते वाचलं, सन्माननीय सदस्य म्हणाले की माझी बहीण चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियात सुईण होती, आणि ती मला सांगते की मी या विषयावर आजवर चुकीचं बोलत आलो. सिस्टरनी मला ते माझ्या मुलीलाही वाचून दाखवायला सांगितलं.

तेव्हापासून भावाचा फोन दर बुधवारी येऊ लागला. त्याला त्यांनी माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "माफ करायला फार वेळ लागतो, आणि फोन बुधवारीच येतो."

त्याच सुमारास एका रविवारी मी माझ्या भावाला नेहमीसारखा फोन केला. तो नेहमीसारखं "सगळं ठीक आहे" म्हणाला. मी म्हटलं, "पप्पा माझं नाव घेतात का?"

"कधी कधी. का गं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतीस? तिथे बसून रडली असतीस." मग हळू आवाजात म्हणाला, "तुला खरंच काही करायचं असेल ना, तर ये. नाव घेतात म्हणून नको येऊस. मला झोपायचंय. चार वर्षांत मी एक रात्र सलग झोपलो नाही."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लॅबमध्ये सहा आठवड्यांची रजा टाकली. सिस्टरना सांगायला गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "पाठ कशी आहे तुझी?" आणि मग व्हरांड्यातल्या सोफ्यावर स्वतः आडव्या होऊन, निजलेल्या माणसाला एकटीनं कुशीवर कसं वळवायचं, चादर खालून कशी काढायची, हे माझ्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्या वेळेला म्हणाल्या, "ठीक. आता जा."

वसईला पोचले. पप्पांनी मला ओळखलं. डाव्या हातानं माझी वेणी धरून ठेवली, बराच वेळ सोडली नाही. भाऊ दारात उभा राहून बघत होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मी पप्पांच्या खोलीत गादी टाकली आणि त्याला वरच्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजून गेला तरी तो खाली आला नव्हता. मी जेवायला हाक मारायला जिन्याकडे गेले तर भावजयीनं माझा दंड धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "घोरतोय. मी आत्ताच ऐकून आले."