बापूकाकांनी राखून ठेवलेला खांदा

आधी एक कबूल करा, मध्येच हसायचं नाही. शेवटी हवं तेवढं हसा. मध्ये हसलात की माझा धागा तुटतो, मग मी चिडते, आणि चिडले की गोष्ट अर्धी राहते. चहा घेतलात ना सगळ्यांनी? मग ऐका माझी फजिती.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. रत्नागिरीत एवढं सांगून भागत नाही. समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे मालिश?" मग मी समजावते. आजारपणानंतर किंवा पडझडीनंतर माणसाला आपली रोजची कामं परत आपली आपण करता यावीत, म्हणजे शर्ट घालता यावा, भांग पाडता यावा, विहिरीचं पाणी काढता यावं, यासाठी जे करून घ्यायचं ते माझं काम. समोरचा शांतपणे ऐकतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "असं होय. म्हणजे मालिशच." हल्ली मी हो म्हणून टाकते.

तर या मालिशमध्ये मला पुढे शिकायचं होतं. बीओटी ही पदवी झाली होती, आता एमओटी, म्हणजे त्यातलीच मास्टर्स, करायची होती. कॉलेज लांबचं, परराज्यातलं, नाव विचारू नका. आदल्या वर्षी त्यांनी मला सरळ नाकारलं होतं, कारण काय, तर माझी स्वतःची म्हणावी अशी एकही केस नव्हती. त्यांची पद्धतच तशी. एक पेशंट घ्यायचा, काही महिने त्याच्यावर काम करायचं, आणि ऑनलाइन मुलाखतीत त्याला शेजारी बसवून सगळं दाखवायचं. या वर्षी नाही झालं तर नाद सोडेन, असं मी घरी सांगून बसले होते. रागाच्या भरात बोलले होते, पण बोलले होते खरी.

आता पेशंट आणायचा कुठून? शहरातल्या ज्या क्लिनिकमध्ये मी जायचे तिथे लोक दोनदा येत, जरा बरं वाटलं की गायब. आणि मग बापूकाका शिडीवरून पडले.

बापूकाका म्हणजे मिरजोळ्याला, आमच्या गावात, आमच्या शेजारचे. घरामागे आणि घरापुढे त्यांची हापूसची कलमं आहेत. दिवाळीनंतर फवारणी करताना शिडी सरकली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात बांधून ठेवल्यामुळे खांदा जखडला. हात छातीच्या वर जाईना. काकी त्यांचा भांग पाडायच्या, शर्टाच्या बाह्या चढवून द्यायच्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खांदा बघितल्यावर मनातल्या मनात उडीही मारली. अगदी हवा तस्सा जखडला होता.

मी पडवीत बसून त्यांना सगळं समजावलं, आणि इथेच मी माती खाल्ली. मी म्हटलं, "काका, माझी ॲडमिशन आता तुमच्या हातात आहे. मुलाखतीला तुम्हालाच बसायचंय, हाच खांदा दाखवायचाय. तोपर्यंत हा खांदा माझा."

काकांनी खांद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मुलाखत कधी हाय?"

"एप्रिलमध्ये. आंबे उतरायला लागतील तेव्हा."

"बरं. तोपर्यंत तुझा."

मला काय म्हणायचं होतं, ते तुम्हाला कळलं. काकांना काय कळलं, ते मला एप्रिलमध्ये कळलं.

मी कामाला लागले. मुंबईहून प्लास्टिकचे रंगीत कोन मागवले. ते एकावर एक रचायचे, दर आठवड्याला जरा उंच ठेवायचे, म्हणजे हात हळूहळू वर जातो. दाराला कप्पी लावून दोरी ओढायला दिली. वर तार बांधून तिला कपड्यांचे चिमटे लावायला सांगितलं. रोज संध्याकाळी माझी स्कूटर त्यांच्या दारात. स्कूटरचा सायलेन्सर फुटलेला, त्यामुळे मी येतेय हे अर्ध्या वाडीला आधीच कळायचं. हे लक्षात ठेवा.

सुरुवातीला हात मस्त सुटत गेला. छातीच्या वर आला, खांद्याच्या रेषेत आला. मी खूश. आणि फेब्रुवारीत तो तिथेच थांबला. केसभरही पुढे जाईना. मी पट्टी लावून मोजायचे, काका डोळे मिटून कण्हायचे.

"काका, खूप दुखतंय?"

"दुखतंय गो. पण तुझं बरोबर चाललंय, तू कर."

मी जुनी पुस्तकं काढली. माझ्या जुन्या मॅडमना फोन केले. गरम शेक, गार शेक, अजून उंच कोन. काहीच नाही. एकदा घरी येऊन अक्षरशः रडले. म्हटलं, ज्या बाईला शेजारच्या काकांचा एक खांदा हलवता येत नाही, तिने एमओटी करून कुणाचं भलं करायचंय? अर्ज मागे घेते. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मुलाखत तर दे. काय सांगावं." तेव्हा मला वाटलं, आई आहे, धीर देतेय.

आता मागे वळून बघते तेव्हा डोकं आपटावंसं वाटतं. किती गोष्टी डोळ्यांसमोर होत्या. काकांचा शर्ट उंच दोरीवर वाळत घातलेला. मी विचारलं, कुणी घातला? काकी म्हणाल्या, मी. अहो, काकी माझ्या खांद्याला लागतात. तो शर्ट काढायला मला टाचा उंचवाव्या लागल्या असत्या. मी म्हटलं, अच्छा. पडवीच्या खांबाशी चिऱ्याच्या कपच्यांचा ढीग असायचा, रोज थोडा कमी, मग परत भरलेला. विचारलं तर काका म्हणाले, गडग्याचं काम काढलंय. गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत, काही उंच झालेला दिसला नाही, पण मी म्हटलं, अच्छा. शिमग्याला काका पालखीला आले नाहीत असं मला सगळ्यांनी सांगितलं. मी त्या दिवशी क्लिनिकमध्ये होते. सगळ्यांनी म्हणजे अगदी सगळ्यांनी, न विचारता, येऊन येऊन सांगितलं. मला वाटलं, वाडीला काकांची किती काळजी.

मुलाखतीचा दिवस उजाडला. नेटवर्क सगळ्यात चांगलं काकांच्या पडवीत, म्हणून लॅपटॉप तिथे स्टुलावर ठेवला. मागे अंगण, अंगणापलीकडे कलमं, फळाने लवलेली. काका इस्त्रीचा शर्ट घालून, काकींनी चापून भांग पाडलेला, खुर्चीत ताठ. पडद्यावर एक वयस्कर सर आणि एक मॅडम. मॅडम नागपूरच्या निघाल्या, मराठीत बोलायला लागल्या, मला जरा धीर आला.

मी सगळं सांगितलं. प्रामाणिकपणे सांगितलं, की हात खांद्याच्या वर जात नाही, माझे सगळे उपाय थकलेत, आणि पुढे किती सुधारणा होईल याची मला खात्री नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, हात कुठपर्यंत जातो दाखवता का?"

काकांनी हात उचलला. थरथरत थरथरत छातीपर्यंत आणला. मी बघतच राहिले, आदल्या दिवसापेक्षाही कमी. "आई गं," काका म्हणाले आणि हात खाली सोडला. सरांच्या चेहऱ्यावर इतकी दया आली की मलाच काकांचं वाईट वाटलं.

तेवढ्यात गोठ्याच्या पत्र्यावर धाडकन आवाज झाला.

वानर. चांगला थोराड हुप्प्या. पत्र्यावरून समोरच्या कलमावर गेला, एक फळ तोडलं, एक चावा घेतला आणि टाकून दिलं. दुसरं तोडलं, चावा, टाकलं. ज्यांच्या बागा आहेत त्यांना सांगायला नको. खाऊन जाईल तर एक वेळ सोसतं, पण हा खात नाही, चाखतो.

मी बोलत राहिले. काय बोलत होते देव जाणे. शेजारी काकांचा श्वास मोठा व्हायला लागला. तिसरं फळ पडलं. काकांच्या मानेची शीर फुगली.

"काका बरे आहेत ना?" मॅडमनी विचारलं.

दाराआडून काकींचा दबका आवाज आला. "अवो, बसून ऱ्हावा. पोरीची मुलाखत हाय."

काका बसले. खरंच बसले, खुर्चीचे हात घट्ट धरून. अंगणाच्या कडेला एक तरणं कलम आहे, त्याने यंदा पहिल्यांदाच फळ धरलं होतं. काका रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन उभे राहायचे. वानराने उडी मारली ती नेमकी त्याच्यावर.

काका उठले. खांबाशी वाकले, चिऱ्याची कपची उचलली, हात मागे गेला, कानाला घासून सरळ आभाळाकडे गेला आणि दगड सुटला. फांदीवर असा खणकन बसला की वानराच्या हातातलं फळ सुटलं. दुसरा दगड त्याच्या पाठोपाठ. त्याच्याबरोबर काकांनी वानराच्या आईबापांचा जो उद्धार केला, तो मी इथे सांगणार नाही. नागपूरच्या मॅडमना त्यातला शब्द न् शब्द कळला एवढं सांगते.

वानर पळालं. अंगण शांत झालं. काका तिसरा दगड घेतलेला हात वर तसाच धरून उभे होते. मग त्यांना लॅपटॉप दिसला. हात सावकाश खाली आला, छातीशी थांबला, डाव्या हाताने त्यांनी तो जपून धरला आणि म्हणाले, "आई गं."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम," ते मला म्हणाले, "आता या खांद्याचं निदान तुम्ही काय कराल?"

म्हटलं, "सर, नॉर्मल."

पडद्यावरच्या मॅडमनी माइक बंद केला. तोंड त्यांनी फाइलमागे लपवलं होतं, पण फाइल गदागदा हलत होती. मला वाटलं, संपलं. वर्ष गेलं, नाद गेला. डोळे भरून आले, आणि रागाने मी काकांकडे बघितलं.

काका लॅपटॉपपुढे हात जोडून उभे होते. "मॅडम, पोरीची चूक नाय. ती बोलली, मुलाखतीत हा खांदा दाखवायचाय. मी बरा झालो असतो तर तिने काय दाखवलं असतं? म्हणून ठेवला. हात कधीच सुटला होता. शिमग्याला पालखी नाचवली मी या हाताने. ती यायची तेव्हा तेवढं कण्हायचो."

"आणि ती येतेय हे कसं कळायचं?" मॅडमनी माइक चालू केला होता.

"स्कूटर वाजते तिची. आख्ख्या वाडीला म्हायत हाय. तिच्या आईला पण."

आईला पण! मी मागे बघितलं तर आई गडग्यापाशी उभी. माझी नजर चुकवून ती आंब्यांकडे बघायला लागली.

"बरं, पण हात सुटला कशाने? तिच्या व्यायामाने ना?" मॅडम.

"तर, तर," काका घाईने म्हणाले. "कोन रचले, चिमटे लावले. तिनेच केलं सगळं."

दाराआडून काकी बाहेर आल्या. त्या खोटं बोलून बोलून दमल्या होत्या बहुतेक. "कसले कोन, मॅडम? मोहोर आल्यापासून वांदरं येतात. हे दिवसभर दगड मारतात. आधी खालून मारायचे, मग बाजूने, मग असे वरून. कोन रचताना झोपायचे ते."

काकांनी काकींकडे असं बघितलं की विचारू नका. मॅडम मात्र हसायच्या थांबल्या. त्यांनी मला विचारलं, "तू काकांना कधी विचारलंस का, हात बरा झाला की पहिल्यांदा काय करायचंय?"

पेशंटला काय करायचंय ते आधी विचारायचं, मग त्यातूनच उपाय काढायचा. आमच्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला हेच शिकवतात. माझ्या अर्जात मी यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता, चांगला नटवून. आणि काकांपुढे काय ठेवलं? प्लास्टिकचे कोन.

"नाही विचारलं, मॅडम."

"काका, तुम्ही सांगा मग. काय करायचं होतं?"

"वांदरं हाकलायची होती," काका म्हणाले. "दुसरं काय?"

मुलाखत संपली. मी लॅपटॉप मिटला आणि काकांवर ओरडायला तोंड उघडलं. तर काका माझ्यापुढे असे उभे की त्यांनीच काही फोडलंय. म्हणाले, "पोरी, मी बसणार होतो गो. पण ते नवं कलम होतं." माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस दोन महिने बरा होऊन आजारी राहिला होता. भर मोसमात स्कूटर वाजली की दगड टाकून, धावत येऊन, पडवीत कण्हत बसला होता. आख्खी वाडी माझ्यासाठी खोटं बोलत होती. मी पडवीतच बसले आणि खूप रडले, आणि काकींनी मला पन्हं दिलं. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही, आणि फेडायचेही नाहीत मला.

आठवड्याने मेल आला. ॲडमिशन मिळाली. विश्वास बसेना म्हणून आईकडून वाचून घेतला. मागचा अनुभव जमेस धरून विचारलंही, "खरं वाचतेयस ना?"

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मॅडम भेटल्या. मी धीर करून विचारलं, मला घेतलंत कसं? म्हणाल्या, "सीट खरं तर त्या वानराला द्यायची होती. पण त्याचं बीओटी झालेलं नव्हतं." मग म्हणाल्या, "पेशंटने थेरपिस्टसाठी दुखणं राखून ठेवलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. इतका जीव लावतात लोक तुला, तर बाकीचं शिकवू आम्ही."

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. परवा काकांचा फोन आला. खुशाली झाली, वानरांची खबर झाली. मग म्हणाले, "शेवटच्या परीक्षेला पेशंट लागतो का गो?"

"लागतो ना, काका. का?"

"नाय, डावा खांदा चांगला हाय अजून. लागला तर सांग, शिडी हाय, पडतो." आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "फक्त ते कोन तेवढे आणू नकोस."