श्रीहरीचा अर्धा वाटा

माझा धाकटा भाऊ श्रीहरी म्हणजे जगावेगळा प्राणी. लोक कोर्टात जातात ते पैसे वाचवायला. हा गेला, पैसे भरायला मिळावेत म्हणून!

दुर्गदबैलच्या बाजारात त्याचं खणांचं दुकान. बायको मंगला धारवाडात शाळेत शिकवायची. त्र्याण्णव साली दोघांचा काडीमोड झाला आणि पोर, दीपश्री, आईबरोबर धारवाडातल्या केलगेरीला गेली. पुढं येणं-जाणं आटलं ते आटलंच. दुकानावरच्या खोलीत हा एकटा. मी रविवारी भाकरी घेऊन जायची, तर आदल्या दिवशीचं ताट तसंच झाकलेलं असायचं. बघवायचं नाही मला.

नव्याण्णवला दीपश्रीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली. मंगलानं निरोप धाडला, "फी मी भरीन, कुणाचे उपकार नकोत." यानं सरळ धारवाडच्या कोर्टात अर्ज टाकला. वकिलानं कपाळाला हात लावला. "अहो, बाप इथं येतात ते फी चुकवायला!" मीही चिडले. म्हटलं, "आपणहून पायावर धोंडा कशाला पाडून घेतोस रे?"

"अक्का, माझा एक पैसाही न लागता ती शिकली, तर मी तिचा कोण?"

न्यायाधीशांनी दोघांच्या कमाईचे कागद बघितले आणि फी निम्मी-निम्मी वाटून दिली. त्या दिवशी या वेड्यानं मला फोन केला, "अक्का, अर्धी मिळाली!" जसं काही खटला जिंकून जमीनच मिळवली.

मग दर जुलैत तोच थाट. इस्त्रीचा शर्ट, खिशात बँकेचा ड्राफ्ट, आणि धारवाडची बस. टपालानं पाठवला असता तरी चाललं असतं. पण कॉलेजच्या खिडकीवर कारकून विचारायचा, "विद्यार्थिनीचे कोण?" आणि याला म्हणायला मिळायचं, "वडील." तेवढ्यावर हा वर्ष काढायचा, खोटं नाही सांगत. एकदोनदा दीपश्री समोर आली. पण दोघांनीही मिठाची गुळणी धरलेली! नुसती मान हलवून गेली आपापल्या वाटेनं.

दोन हजार दोनच्या जुलैत, शेवटच्या वर्षाला, तो ड्राफ्ट तसाच घेऊन परत आला. त्याचा वाटा मुलीनंच आधी भरून टाकला होता.

"बिडु अक्का, जाऊ दे. पोरीनं मला मोकळं केलं," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून निजला. जेवलासुद्धा नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट पिशवीत टाकला आणि केलगेरी गाठली. मंगला शाळेत गेलेली. दीपश्रीनं दार उघडलं.

"शिंगं फुटली का गं तुला? बापाचा वाटा भरणारी तू कोण?"

पोर गोरीमोरी झाली. "आत्या, मी शिकवण्या घेऊन साठवले ते. कोर्टानं लावलंय म्हणून अप्पा भरतात, असंच वाटायचं मला. म्हटलं, शेवटचं वर्ष तरी सुटू देत बिचारे."

"लावलंय? अगं, भांडून मागून घेतलंय त्यानं ते!"

मी पिशवीतला ड्राफ्ट तिच्या हातात दिला, तशी ती उंबऱ्यातच बसली. ड्राफ्ट कितीतरी वेळ उलटसुलट करत राहिली. मग हुंदका आला तिला. "हे शेवटचं वर्ष, आत्या. आता भरायला काही उरलंच नाही गं."

"फी संपली, बाप उरलाय अजून," मी म्हटलं. "ऊठ, चप्पल घाल."