पाचांपेक्षा कमी

समाधानी माणूस भेटला की मला आधी संशय येतो. ही खोड मला मिशिगनमध्ये लागली. दोन हजार सहाच्या सुमारास मी तिथे संख्याशास्त्र शिकत होते आणि एका प्राध्यापक बाईंच्या हाताखाली संशोधनाचं काम करत होते. मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या परदेशी म्हाताऱ्या माणसांचे दिवस कसे जातात, याची ती पाहणी होती. गुजराती, तेलुगू, चिनी, मराठी असे गट पाडलेले होते. मी नागपूरची, त्यामुळे मराठी गट माझ्या गळ्यात पडला. जवळच्या नोव्हाय गावात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी कुटुंबं बरीच होती, आणि त्यांचे आईवडीलही.

पाहणीमागे एक साधं, व्यवहारातलं कारण होतं. गावच्या ज्येष्ठांच्या केंद्राकडे एक व्हॅन होती. आमच्या तक्त्यांत गरज दिसली, तर ती व्हॅन आठवड्यातून दोनदा या आजी-आजोबांना घरून घेऊन केंद्रात आणणार, तिथे त्यांना एक खोली देणार आणि संध्याकाळी परत सोडणार, असं ठरलं होतं. ज्यानं तो भाग पाहिला नाही त्याला यात काय मोठं, असं वाटेल. तिथे बस नव्हती. फूटपाथ वसाहतीच्या तोंडाशी येऊन संपायचा आणि पुढे भरधाव गाड्यांचा रस्ता. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याचं जग म्हणजे मुलाचं घर, मागचं गवत आणि पुढची टपालपेटी. थंडीत तर टपालपेटीही लांब पडायची.

मी शनिवारी घरोघरी जायची. फोनवर सून म्हणायची, “ये ना, लंचलाच ये.” मुलाखत एकट्या माणसाची घ्यायची, जवळ दुसरं कोणी नको, असा आमचा नियम होता. तो नियम ज्यानं केला त्याच्याकडे बहुधा पाहुण्याला पोहे देत नसावेत. आलेल्या माणसाला एकटं टाकून आत निघून जाणं हे आपल्यात बसत नाही, आणि “तुम्ही जरा आत जा” असं यजमानाला सांगणं तर त्याहून नाही. एकदोनदा मी सांगून पाहिलं. “अगं, आमच्यात काय सीक्रेट आहे!” असं म्हणून सगळे हसले आणि आणखी ऐसपैस बसले. मग मुलगा सोफ्यावर, सून चहा घेऊन उभी, नातवंडं जिन्यावर, आणि मी हातात प्रश्नावली धरून मोठ्यानं विचारतेय: गेल्या महिन्यात तुम्हाला एकटं वाटलं, असं किती वेळा झालं? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, की नेहमी?

काका मुलाकडे एकदा पाहायचे आणि म्हणायचे, “छे छे, एकटं कसलं? लिही, कधीच नाही.” एका घरात तर काकू अजून स्वयंपाकघरातच होत्या, तेवढ्यात काका म्हणाले, “तिचंही तेच लिही.” मी म्हटलं, काका, त्यांनाच विचारावं लागेल. काकू पदराला हात पुसत आल्या, प्रश्न अर्धाच ऐकला आणि म्हणाल्या, “हे म्हणाले तेच.”

मला राग यायचा, पण कुणाचा ते ठरवता यायचं नाही. परक्या पोरीपुढे, कागदावर, स्वतःच्या मुलाच्या घरी एकटं वाटतं असं कोण सांगेल? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण तेच काका मला पोचवायला गाडीपर्यंत यायचे. पायात सपाता, अंगावर नुसता स्वेटर, आजूबाजूला बर्फ, आणि गाडीच्या उघड्या दाराला हात लावून उभे. नागपूरला कुठे राहता, वडील काय करतात, संत्र्याचा काय भाव आहे आता. दार काही सोडायचे नाहीत. आतून सून हाक मारायची तेव्हा नाइलाजानं सोडायचे. त्या दाराला प्रश्नावलीत चौकट नव्हती.

या सगळ्यांत एक काकू निघाल्या वेगळ्या. वर्ध्याच्या. नवरा रेल्वेत होता, सगळा जन्म रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेलेला, जिथे एकीची कढी उतू गेली की शेजारणीला आधी कळायचं. नवरा गेल्यावर एकुलत्या एका मुलानं इकडे आणलं. पहिल्या फोनवरच त्यांनी मला विचारलं, “तू नागपूरची ना? मग मले किराण्याच्या दुकानात नेशील का? सून ऑफिसात असते. तिथंच विचार काय विचारायचं ते.”

म्हणून त्यांची मुलाखत माझ्या जुन्या गाडीत झाली, इंडियन किराण्याच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये, हीटर चालू ठेवून. मांडीवर मेथीच्या जुड्या आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी. सगळ्या पाहणीत नियमाप्रमाणे एकांतात झालेली माझी ही एवढी एकच मुलाखत. एकटं वाटण्याचा प्रश्न मी वाचला.

“नेहमी,” त्या म्हणाल्या. “नेहमीच लिही. मुलगा चांगला आहे माझा, सूनही वाईट नाही. सकाळी दोघं जातात, नातू जातो, मग मी भिंतीशी बोलून राहिली. संध्याकाळी येतात तर थकलेले. नातू इंग्लिशमध्ये बोलते, मी हसते नुसती. मले काही सेवा नाही पाहिजे पोरी. भांडायला माणूस पाहिजे. क्वार्टरमध्ये नळावर शेजारणीशी रोज भांडण व्हायचं, अन् दुपारी तिच्याच घरी वाती वळायला बसायचो.” मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ती गाडी येईन ना खरंच? केंद्रात न्यायची? तिथं बायका असतील ना आपल्याकडच्या?”

अजून ठरलं नाही, सगळ्यांच्या उत्तरांवर आहे, असं मी सांगितलं. “मग येईनच,” त्या म्हणाल्या. “घरोघरी मातीच्याच चुली. सगळ्यांनी माझ्यासारखंच सांगितलं असंन.”

मी प्रश्नावलीचं पान उलटलं. दुसऱ्यांची उत्तरं सांगायची मला परवानगी नव्हती. असती तरी मला ती सांगवली नसती.

पुढच्या वसंतात मी तक्ते केले. हे काम मला एरवी आवडायचं. इतक्या घरांतली इतकी बडबड, खोकले, चहाचे कप सगळं गळून जातं आणि एक स्वच्छ चौकोन उरतो. डावीकडे उत्तरं, वर भाषा. आमच्या कामाचा आणखी एक नियम होता. एखाद्या चौकटीत पाचांपेक्षा कमी माणसं आली, तर तो आकडा छापायचा नाही. तिथे तारका टाकायची आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं, की ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकला आहे. मराठीच्या रकान्यात ‘कधीच नाही’ची चौकट फुगली होती. खाली ‘नेहमी’च्या ओळीत एकच माणूस होतं. ते कोण, हे मला माहीत होतं. मेथीच्या जुड्यांसकट माहीत होतं.

मी प्राध्यापक बाईंकडे गेले. ‘बऱ्याचदा’ आणि ‘नेहमी’ एकत्र करून पाहिलं होतं, तरी पाच भरत नव्हते. मी म्हटलं, या एका ठिकाणी नियम सोडा. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “आकडा छापला तर तुमच्या लोकांना ती बाई कोण, हे ओळखायला किती वेळ लागेल?”

फार तर पुढच्या हळदीकुंकवापर्यंत लागला असता. नवरा गेलेल्या सासवा आमच्याकडे मोजक्याच, त्यांतून कुठली तोंडाळ आहे ते सगळ्यांना ठाऊक. सुनेला कुणीतरी हसत हसत विचारलं असतं, आणि मग त्या घरात काकूंचं काय झालं असतं? नियम बरोबर होता. याचाच मला जास्त संताप आला. नियम चुकीचा असता तर मी भांडले तरी असते.

मी पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद घातला. मराठी गटातल्या जवळजवळ सगळ्या मुलाखतींच्या वेळी घरातली माणसं समोर होती, म्हणून ही उत्तरं जपून वाचावीत, असं लिहिलं. बाईंनी तो ठेवला, इतकंच नाही तर मुद्दाम पुढे आणला. पण पद्धतीचं प्रकरण कोण वाचतं? लोक थेट तक्त्यावर जातात.

केंद्राच्या हॉलमध्ये निष्कर्ष मांडायचा कार्यक्रम झाला. पडद्यावर माझा तक्ता, समोर खुर्च्यांवर प्रत्येक भाषेची माणसं. पहिल्या रांगेत वर्ध्याच्या काकूंचा मुलगा बसला होता. काकूंना आणलं नव्हतं, वर्किंग डे होता ना, तो ऑफिसातून परस्पर आला होता. केंद्राच्या अधिकारी बाईंनी मराठीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि कौतुकानं म्हणाल्या, “या गटात तर प्रश्नच दिसत नाही. किती घट्ट कुटुंबं आहेत तुमची!” माझ्या प्राध्यापक बाईंनी मध्येच सांगितलं, की तारका म्हणजे शून्य नव्हे आणि मुलाखती कशा झाल्या तेही पाहायला हवं. अधिकारी बाईंनी मान डोलावली, हो हो म्हणाल्या आणि पुढच्या रकान्याकडे गेल्या. व्हॅन ज्यांच्या आकड्यांत गरज दिसत होती, त्यांच्या वस्त्यांकडे वळली. त्यांचीही गरज खरीच होती, मी कुणाच्या तोंडचा घास काढून घ्या म्हणणार?

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा उठून माझ्यापाशी आला. “मस्त झालं प्रेझेंटेशन,” म्हणाला. “अगं, आमच्याकडे तसा काही इश्यूच नाही. आईला मराठी चॅनल घेऊन दिलंय, बॅकयार्ड आहे, सगळं आहे. ती एकदम हॅपी आहे यार.” त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तो भला माणूस होता. मला त्याचा दंड धरून हलवावंसं वाटलं. मी “थँक्स” म्हटलं. माझ्या तोंडाला कुलूप होतं. ते मीच गोपनीयतेच्या करारावर सही करून लावून घेतलं होतं.

काकूंना सांगायला मी दुपारी गेले, घरी कोणी नसताना. त्यांनी ताक केलं. व्हॅन येणार नाही, हे ऐकून त्यांनी ताकाचा ग्लास खाली ठेवला.

“म्हणजे बाकीच्यांनी काय सांगितलं?”

ते मला सांगता येत नाही, मी म्हटलं.

“समजलं,” त्या म्हणाल्या. “अन् माझं? मी तर खरं सांगितलं होतं. ते कुठं गेलं?”

मी त्यांना छापील तक्ता दाखवला. त्या चौकटीत तारका होती. तुमची ओळख कळू नये म्हणून आकडा झाकला, असं समजावलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” त्या म्हणाल्या आणि हसल्याही. मग तक्ता घडी न करता माझ्याकडे परत दिला. “माझं झाकलं, अन् बाकीच्यांचं उघडं लिहिलं. बरं आहे.” त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्ध्याच्या नळावर त्यांनी मला सोडलं नसतं. इथे त्यांनी मला आणखी ताक विचारलं.

दुसऱ्या वर्षी त्याच माणसांना तेच प्रश्न पुन्हा विचारायचे होते. दोन हजार आठ उजाडलं होतं, गाड्यांच्या कंपन्यांचं दिवाळं वाजायला लागलं होतं, आणि काकूंचा मुलगा ले-ऑफमध्ये घरी बसला होता. नवी नोकरी वेळेत मिळाली नाही तर घराच्या हप्त्यांचं काय, ही टांगती तलवार वेगळीच. मी फोन केला तेव्हा काकूंनी किराण्याचं नाव काढलं नाही. “घरीच ये,” म्हणाल्या.

डायनिंग टेबलाशी मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. दाढी वाढलेली. त्यानं मान वर करून “हाय” म्हटलं आणि परत पडद्यात गेला. काकू त्याच्या शेजारच्या खुर्चीत, हात मांडीवर. त्या आधीपेक्षा बारीक दिसल्या. मी प्रश्न वाचत गेले. तब्येत, झोप, जेवण. मग तो प्रश्न आला.

“कधीच नाही,” काकू म्हणाल्या.

उत्तराबद्दल शंका असेल तर प्रश्न एकदा पुन्हा वाचायची मुभा आम्हाला होती. मी पुन्हा वाचला, पाचही पर्याय सावकाश, ‘नेहमी’वर जरा थांबून. काकूंनी मुलाच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. त्याची बोटं कळफलकावर थांबली होती.

“सांगितलं ना पोरी, कधीच नाही. पुढचं विचार.”

मी त्या चौकटीत खूण केली. निघताना काकू गाडीपर्यंत आल्या नाहीत. दारातूनच हात हलवला आणि लगेच दार लावून घेतलं, थंडी आत येऊन राहिली म्हणून.

त्या वर्षीचा तक्ता करायला मला फारसा वेळ लागला नाही. मराठीच्या रकान्यात ‘नेहमी’च्या ओळीत शून्य आलं. शून्यानं कुणाचीच ओळख उघड होत नाही, त्यामुळे ते झाकावं लागत नाही. ते जसंच्या तसं छापलं.