फाटकाआधीची पाटी

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेसाठी मी पाट्या पाठ केल्या त्या मोबाईलवर. त्यातला एक व्हिडिओ परदेशातला आहे हे मला निम्मा बघून झाल्यावर कळलं. त्रिकोणात ट्रामचं चित्र, रस्त्याच्या मधोमध रूळ, आणि ट्राम आली की आपण थांबून तिला आधी जाऊ द्यायचं. मी ते मन लावून पाठ करत होते. आमचे हे भाकरी खात ऐकत होते. "मावळात ट्राम कुटनं आणतीस?" म्हणाले. "आपल्या फाटकाची पाटी आधी शिक."

फाटकाच्या पाट्या आपल्याकडे दोन. त्रिकोणात फाटकाचं चित्र असेल तर पुढे राखण आहे, म्हणजे गेटमन बसलेला आहे. इंजिनाचं चित्र असेल तर फाटकच नाही, आपलं आपण बघून जायचं. माझी दरवेळी उलटापालट व्हायची. जन्म गेला रेल्वेच्या शेजारी, रूळ म्हटलं की डोळ्यांपुढे इंजिनच येतं, त्याला मी तरी काय करू? परीक्षेत कशीबशी पास झाले, आणि आमच्या जुन्या गाडीला पुढेमागे लाल रंगातला एल चिकटला.

गाडी शिकवा म्हणून मी लग्न झाल्यापासून मागे लागले होते. यांचं एकच, "गाडी म्हंजी काय पोळपाट हाय?" आणि यंदा गणपती झाल्यावर एका सकाळी स्वतःहून म्हणाले, "शिकून घे आता." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण टिकला नाही. नवऱ्याचा स्वभाव असा एका रात्रीत बदलला की बाईला आधी शंकाच येते.

हे खंडाळ्यातल्या एका बंगल्यावर ड्रायव्हर. लोणावळा स्टेशनवरून पाहुणे आणायचे, त्यांना पॉइंट दाखवायचे, पुन्हा नेऊन सोडायचे. आमचं घर त्याच पगारावर चालतं. त्या पावसाळ्यात बंगल्याच्या गाडीला दोनदा पोचे आले. एकदा कठड्याला घासली, एकदा उभ्या टेम्पोला लागली. "धुकं लय हुतं," हे म्हणाले. मालकांनीही मान डोलावली. घाटात पावसाळाभर सगळेच धुक्याच्या नावानं बोलतात, त्यामुळे यांच्याकडे कुणी वेगळं बघितलं नाही. मीही नाही.

शिकवताना यांची एक पद्धत होती. दिसेल ती पाटी मी मोठ्यानं सांगायची. क्लच लवकर सोडला की ओरडा, गियर खरखरला की ओरडा, स्टेअरिंग घट्ट धरलं तरी ओरडा. "म्हशीचं दावं हाय का ते?" असं एकदा म्हणाले आणि मी अर्धा दिवस बोलले नाही. पण पाटीवरून मात्र कधी बोलणं खाल्लं नाही. मला वाटायचं, पाट्या तेवढ्या मला जमतात.

दिवाळीनंतरची एक सकाळ. हवा इतकी स्वच्छ की खालच्या रस्त्यावरून लोहगडाची तटबंदी दिसत होती. दुपारी यांना पाहुणे आणायला जायचं होतं, म्हणून आम्ही लवकर निघालो. फाटकाच्या अलीकडे त्रिकोणी पाटी आली, खाली दोन लाल पट्ट्या. दोन पट्ट्या म्हणजे फाटक अजून लांब आहे, एक असली की आलंच. मी सवयीनं बोलून गेले, "इंजिन. राखण नसलेलं फाटक. दोन पट्ट्या."

"बरोबर. सावकाश घे," हेही सवयीनंच म्हणाले.

चार हात पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पाटीवर फाटकाचं चित्र होतं. या फाटकावर गेटमन बसतो हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एरवी यांनी एवढ्यावरून आठवडाभर माझी थट्टा केली असती, पाहुण्यारावळ्यांत सांगितली असती. मी तिरक्या नजरेनं शेजारी यांच्याकडे बघितलं. हे समोर बघत होते, डोळे बारीक करून, तोंडावर ऊन नसताना.

पुढची पाटी येईपर्यंत मी गाडी सावकाश नेली. ती आली. तेच चित्र, एक पट्टी. मी म्हणाले, "एक पट्टी. आन् खाली नवी पाटी हाय, फावडंवाल्या मानसाची. रस्त्याचं काम चालू हाय."

"गेटापाशी सारखं कायतरी चालूच असतंय," हे म्हणाले. "मानसं असतील, हॉर्न दे."

खाली नवी पाटी नव्हती. रस्त्यावर काम नव्हतं, माणूस नव्हता. मी हॉर्न दिला.

फाटक पडलेलं होतं. पुढे दोन टेम्पो आणि शाळेची व्हॅन. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. एक मोटारसायकलवाला वाकून फाटकाखालून निघाला होता, गेटमन त्याच्यावर खेकसत होता. मी सरळ बोलले, "अहो, तितं फावड्याची पाटी नव्हती."

"मंग कशाला म्हनलीस?" हे म्हणाले.

"तुमी काय म्हनता ते बघायला."

"मला खेळवतीस व्हय?" आवाज चढला, पण लगेच खाली आला. "रस्ता पाठ हाय माझा. वळान् वळान पाठ हाय."

"रस्त्यावरची मानसं पाठ हायत का?"

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्हीतलं जास्त काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी त्या रस्त्यानं वरच्या वाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन कडेकडेनं खाली येतात. मला त्याच दिसत होत्या. आणि यांच्या गाडीत मागे बसलेली पाहुण्यांची लेकरं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासनं. समोरनं लाइट आली की नुसतं पांढरं दिसतं. आता दिवसा बी." मग म्हणाले, "तुजं लायसन झालं की सांगणार हुतो. घरात एक तरी डायवर पायजे."

"आन् तवर?"

तेवढ्यात गाडी आली. मालगाडी होती, संपता संपेना. डब्यांच्या धडधडीत काही बोलता येत नव्हतं, आणि मला तर ओरडून सांगायचं होतं की आज दुपारी तुम्ही गाडी काढायची नाही, काढलीत तर मी मालकांच्या दारात येऊन बसेन. शेवटचा डबा गेल्यावर मी तेच सांगितलं, फक्त हळू आवाजात.

फाटक वर गेलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. माझी गाडी एकदा बंद पडली, मी पुन्हा सुरू केली. हे ओरडले नाहीत. पहिल्या गियरमध्येच मी रूळ ओलांडले. रुळावर गियर बदलायचा नाही, हे यांनीच शिकवलेलं.

पलीकडे वडापावच्या टपरीपाशी यांनी हातानं खूण केली, "कडंला घे." मी घेतली. वाटलं, आता उतरतील, पाय मोकळे करतील, मला चार शब्द सुनावतील. दार उघडलं नाही. शर्टच्या खिशातून फोन काढून यांनी माझ्यापुढे धरला.

"मालकांचा नंबर लावून दे," म्हणाले. "मला न्हाई दिसत."