सात नंबरचा वाकडा नळ

ब्रॉन्विन डॉइलने इस्पितळात पंधरा वर्षं बाळंतपणं केली होती. पायाळू बाळं, आडवी बाळं, लिफ्टमध्येच जन्मायचा हट्ट धरलेलं एक बाळ, सगळी तिने सुखरूप बाहेर आणली होती. पण तंबूचा ट्रेलर गाडीमागे जोडून, उलटा घेत जागेवर लावणं तिने जन्मात केलं नव्हतं. ते काम तिच्या नवऱ्याचं, क्रेगचं. आणि क्रेग गेल्या मे महिन्यात छातीत कळ येऊन गेला होता.

नदीकाठी तंबू ठोकायच्या त्या तळावर दर जानेवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तीच माणसं त्याच जागांवर उतरतात. करमणुकीला तिथे काही नाही. त्यामुळे कोणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की सगळे घडीच्या खुर्च्या त्या बाजूला वळवतात आणि चहाचे मग घेऊन बघत बसतात. टोमणे मारायची पूर्ण मुभा असते. क्रेग एका दमात लावायचा. लोक हिरमुसून चहा संपवायचे.

यंदा नणंदेने बजावलं होतं, "दोन लहान पोरं घेऊन एकटी कुठे जातेस? विकून टाक तो ट्रेलर. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"सात नंबरवर मला लावता आला नाही, तर परत येताना तुझ्या दारातच सोडते," ब्रॉन्विन म्हणाली होती. बोलून बसली होती.

सात नंबर म्हणजे त्यांची दरवर्षीची जागा, डावीकडे निलगिरीचं झाड आणि उजवीकडे कमरेत वाकलेला पाण्याचा नळ. कांगारूने लाथ मारून वाकवला, असं क्रेग पोरांना सांगायचा. बायकोलाही त्याने तेच सांगितलं होतं.

सहा वर्षांची हेझेल उतरून बाजूला उभी राहिली आणि 'मागे ये, मागे ये' असे हात हलवू लागली. चार वर्षांचा आर्ची मागच्या सीटवरून शू लागल्याचं दर मिनिटाला जाहीर करत होता.

ब्रॉन्विनने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, ट्रेलर डावीकडे गेला. डावीकडे फिरवलं, तर तो थेट नळावर निघाला. तिसऱ्या खेपेला तिने आरशात पाहिलं आणि तिचा पाय ब्रेकवर गेला.

सगळ्या खुर्च्या नदीकडे तोंड करून होत्या. बावीस माणसं तिच्याकडे पाठ करून पाणी बघत होती. सत्तरीचा नॉर्म, ज्याच्या जिभेला तळावर सगळे टरकून असत, तोसुद्धा.

ती गाडीतून उतरली. "नॉर्म, नदीत काय आहे रे?"

"बदक आहे, पोरी."

"क्रेग असता तर बदक बघत बसला असतास?"

त्याची बायको बेव्ह म्हणाली, "तुला अवघडायला नको म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं गं."

"मे महिन्यापासून सगळे हेच ठरवतायत! मी दुकानात शिरले की माणसं डब्यांवरची लेबलं वाचायला लागतात. इकडे बघा. आणि बोला मला, पूर्वी सगळ्यांना बोलायचात तसं."

एकेक करत खुर्च्या वळल्या.

"अगं बाई, ते झाड आमच्याही आधीपासून आहे तिथे!" चौथ्या खेपेला नॉर्म ओरडला.

"आर्चीला बसव स्टिअरिंगवर!" बेव्हने सल्ला दिला.

"एवढं कळतंय तर ये ना लावायला!" ब्रॉन्विन खिडकीतून ओरडली.

"छे गं, चहा गार होईल."

अकराव्या खेपेला ट्रेलर झाड आणि नळ यांच्या मधोमध जाऊन बसला. जरा तिरका, पण सात नंबरवर. हेझेल "बास!" म्हणून किंचाळली. आर्ची पळत जाऊन निलगिरीखाली मोकळा झाला.

नॉर्म तिच्यासाठी चहाचा मग घेऊन आला. "अकरा. वाईट नाही. क्रेगला पहिल्या वर्षी चौदा लागल्या होत्या."

"क्रेगला?"

"तुमच्या लग्नाआधी. तू कुठे होतीस तेव्हा! चौदाव्या खेपेला त्याने हा नळ..." नॉर्म अडखळला. "कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती त्याने."

ब्रॉन्विनने नळाकडे पाहिलं. नऊ वर्षं तिने त्याच्याखाली भांडी घासली होती. तिला हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं, चारचौघांत पहिल्यांदाच. या वेळी नदीकडे कोणी पाहिलं नाही.

हेझेल वाकड्या नळावरून हात फिरवत होती.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे कांगारू बाबाच होता?"